तिसरी पायरी आणि आठवी

वहिनीने सांगितलं होतं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही. तिने सरांना सांगितलं होतं, त्यांचा संशोधनाचा पेपर छापायला जायच्या आधी सांगितलं होतं, आणि एकदा नाही, तीनदा. त्यातल्या दोन वेळा मी तिथे नव्हतो. तिसऱ्या वेळी होतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती घरात आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, धड नाक पुसायची अक्कल नव्हती, तरी तिने पहिल्या दिवसापासून मला ‘भावजी, तुम्ही’ म्हटलं आणि मी तिला ‘वहिनी, तू’. हा उलटा मान आजतागायत तसाच चालू आहे. दादा घड्याळं दुरुस्त करतो. तो आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहतात, मी आणि माझी बायको वरच्या. जिना एकच, भांडणं आणि पाहुणे दोन्हीकडचे. लग्नाआधी वहिनी एका औषधाच्या दुकानात मलमं घोटायची आणि पुड्या बांधायची. तिथून ती एका संशोधन संस्थेत लागली ती सव्वीस वर्षं तिथेच राहिली. तिने शब्द टाकला म्हणून पुढे मलाही त्याच संस्थेच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. हातमोजे, बाटल्या, नळ्या द्यायच्या, आणि मेकॅनिक कधीच वेळेवर येत नाही म्हणून छोटीमोठी यंत्रं खटपट करून चालू करून द्यायची. कंत्राटी काम. दरवर्षी नवा कागद, अशी नऊ वर्षं.

वहिनीचं काम ऐकायला सोपं वाटतं. पेशी जगवायच्या. माणसाच्या शरीरातल्या पेशी काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या बशीत, गुलाबी पाण्यात, अंगाइतक्या उबेत वाढवतात. दर दोन दिवसांनी त्यांचं पाणी बदलायचं, गर्दी झाली की अर्ध्या दुसऱ्या बशीत हलवायच्या, आणि हे करताना आपला श्वाससुद्धा आत जाऊ द्यायचा नाही. सुट्टी, आजारपण, कुणाचं लग्न, पेशींना काही कळत नाही. दादा म्हणायचा, “हिला माझा वाढदिवस आठवत नाही, पण तिकडच्या पोरांचं जेवण बरोबर आठवतं.” वहिनी म्हणायची, “तुम्ही भूक लागली की ओरडता. त्या ओरडत नाहीत.” मग दादा परत घड्याळात डोकं घालायचा.

तिचा हात असा होता की शेजारच्या लॅबमधले लोक पाहायला यायचे. पिपेटमधून ती थेंब सोडायची तो बशीच्या कडेने सरकत खाली जायचा, पेशींच्या अंगावर कधीच पडायचा नाही. संस्थेत सगळे तिला ‘थेंबताई’ म्हणायचे. तिच्यासमोर ताई, पाठीमागे थेंबताई, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं.

तिची एक खोड होती, आणि सगळं रामायण त्या खोडीतून झालं. औषधाची नवी बाटली आली की ती कितीही ओळखीची असो, वहिनी आधी तिच्या पायऱ्या करायची. पायऱ्या म्हणजे आठ खळगे असलेली एक पट्टी. पहिल्या खळग्यात औषध अगदी थोडं, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्यात त्याच्याही दुप्पट, असं आठव्यापर्यंत. मग कुठल्या पायरीवर काय होतं ते पाहायचं. कुणी तिला हे करायला सांगितलेलं नव्हतं. औषधाच्या दुकानातून आलेली सवय. ती म्हणायची, “किती देतात ते मागाहून बघायचं. किती लागतं ते आधी.” नवीन पोरं हसायची. दोन दिवस फुकट जातात म्हणून कुरकुरायची. वहिनी ऐकून घ्यायची आणि पट्टी लावायची.

आता सरांबद्दल. सर बावीस वर्षांचे असताना त्या लॅबमध्ये शिकायला आले. त्यांच्या हाताला तेव्हा कंप होता. पहिल्या महिन्यात त्यांनी चार वेळा पेशींमध्ये बुरशी शिरू दिली आणि पाचव्या वेळी इन्क्युबेटरचा, म्हणजे पेशींच्या उबदार कपाटाचा, अख्खा कप्पा घालवला. त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी चौकशी केली तेव्हा वहिनी म्हणाली, माझ्याकडून झालं. मी हे सरांच्याच तोंडून ऐकलंय, एका समारंभात, माइकवर. “ताई नसत्या तर मी आज दुसरं काहीतरी विकत असतो,” असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं. वहिनीने दोन्ही हातांत त्यांचा हात धरून त्यांना पिपेट चालवायला शिकवलं. डब्यातलं अर्धं जेवण दिलं. बाहेरदेशी जाऊन ते मोठे होऊन परत आले, लॅब त्यांच्या ताब्यात आली, तरी वहिनीला ते ताईच म्हणायचे. मला खरंच वाटायचं की हा माणूस मनाने आमच्या घरातला आहे.

सरांचा विषय चरबीचा. आपल्या पोटावरची नव्हे, पेशी आत जाळतात ती. मी स्टोअरमधला माणूस, तरी वहिनीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ आहे. पेशीच्या आत भट्ट्या असतात. चरबी त्या भट्टीत जायची तर एक दार ओलांडावं लागतं. त्या दारावर बसणारं एक औषध आहे. ते दिलं की दार बंद, चरबी बाहेर, जळणं बंद. सरांनी एका जातीच्या वाईट पेशींना, म्हणजे गाठीच्या पेशींना, ते औषध दिलं आणि त्या मेल्या. सरांचं म्हणणं असं की या पेशी चरबीवरच जगतात. दार बंद केलं की खलास. म्हणजे रोगावर एक नवी वाट सापडली. ही फार मोठी गोष्ट होती. लॅबमध्ये लोक जिने चढताना गाणी म्हणत होते.

त्याच सुमाराला औषधाची नवी बाटली आली. माझ्याच स्टोअरमधून गेली. वहिनीने पायऱ्या केल्या.

पेशींना खूण केलेली चरबी द्यायची आणि किती जळली ते यंत्रावर मोजायचं, अशी रीत आहे. तिसऱ्या पायरीवर जळणं पूर्ण थांबलं. पूर्ण म्हणजे शून्य. चौथीवर शून्य, पाचवीवर शून्य, आठवीवरही शून्यच, त्याच्या खाली कुठे जाणार? पण पेशी तिसरीवर मेल्या नाहीत. चौथीवर नाही, पाचवीवर नाही, सहावीवर नाही. मजेत होत्या, वाढत होत्या. सातवीवर सुकायला लागल्या आणि आठवीवर मेल्या. सर वापरत होते तो डोस आठव्या पायरीचा. तिसरीच्या बत्तीसपट.

त्या संध्याकाळी वहिनी जिन्यात बसून मला सांगत होती. “भावजी, दाराला एक कुलूप पुरतं. बत्तीस लावली तर उरलेली एकतीस कुठे जाऊन बसली? दार तर तिसरीलाच बंद झालं होतं. मग आठवीला पेशी कशाने मेल्या?” मी म्हणालो, “तू सांग.” ती म्हणाली, “ते औषध आत जाऊन भट्टीच बुजवतं, असं मला वाटतं. चरबीची नाही, सगळीच. अशाने कुणीही मरेल.”

मग तिने विचारलं, एवढा डोस ठरवला कुणी? आणि शोधायला बसली. तिला इंग्रजी सावकाश वाचता येतं, एक ओळ दोनदा. सरांच्या पद्धतीत लिहिलं होतं, डोस पूर्वीप्रमाणे, अमक्या पेपरात पाहा. तो पेपर काढला. त्यात लिहिलं होतं, पूर्वीप्रमाणे, तमक्या पेपरात पाहा. तो काढला. त्यातही पूर्वीप्रमाणे. असे पाच पेपर मागे गेल्यावर सापडला तो मूळ माणूस, आणि त्याने काम केलं होतं ते यकृताच्या तुकड्यांवर. जाड तुकडे, औषध आतपर्यंत पोचावं म्हणून त्याने भरमसाट घातलं होतं, आणि तसं लिहिलंही होतं. बशीतल्या सुट्या पेशींना तो डोस द्या असं तो बिचारा कधीच म्हणाला नव्हता. पुढच्याने उचलला, त्याच्या पुढच्याने उचलला, आणि वीस वर्षांत तो डोस म्हणजे वडीलधाऱ्यांचा शब्द होऊन बसला. शिकलेल्या लोकांचं मला हेच नवल वाटतं. भाजीवाल्याने ‘पूर्वीप्रमाणे’ म्हटलं तर हे वजनकाटा बघतील; आपापसांत मात्र नुसती मान डोलावतात.

वहिनीने सरांना पहिल्यांदा त्यांच्या खोलीत सांगितलं. ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा जिन्यात सांगितलं. ते म्हणाले, ताई, सध्या डोकं ठिकाणावर नाही, पुढच्या आठवड्यात. तिसऱ्या वेळी ते पेशींच्या खोलीत आले होते, आणि मी तिथे गुडघ्यांवर बसून इन्क्युबेटरच्या दाराचं रबर बदलत होतो. वहिनीने वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

“हे पान बघा सर. तिसरी आणि आठवी.”

सरांनी पाहिलं. चांगलं मिनिटभर पाहिलं. मी खालून त्यांचे बूट पाहत होतो. एक टाच जमिनीवर आपटत होती.

“ताई, सगळं जग हाच डोस वापरतं.”

“सगळ्या जगाने पायऱ्या केल्या नाहीत.”

“बॅच खराब असेल.”

“जुन्या बाटलीवर पण केल्या. पुढच्या पानावर आहेत.”

“पेपर सोमवारी जातोय.”

“म्हणूनच आज सांगतेय. एक काम करू. ज्या पेशींना ते दारच नाही, अशा मागवू. त्यांना औषध देऊन बघू. दारच नसताना त्या मेल्या, तर मग दार बंद करण्याचा आणि मरण्याचा काही संबंध नाही. महिना लागेल.”

सर हसले. रागाने नाही, लाडाने हसले; त्याचीच मला आज जास्त चीड येते. “ताई, तुम्ही पण ना,” म्हणाले. “या पट्ट्यांची नोंद वहीत नका ठेवू. सुट्या कागदावर ठेवा. नंतर निवांत बघू.” आणि गेले.

वहिनीने पान फाडलं नाही. तिला वहीतलं पान फाडता येत नाही, जसं कुणाकुणाला खोटं बोलता येत नाही. महिनाअखेरीला सर सगळ्यांच्या वह्यांवर पानोपानी सह्या करत. त्या दोन पानांवर त्यांनी सही केली नाही. आधीच्या पानावर होती, नंतरच्या पानावर होती. वहिनीने ते पाहिलं आणि वही मिटून ठेवली. “कामाच्या गडबडीत राहून गेली असेल,” असं मला म्हणाली. ती खरोखर तसं समजत होती.

पेपर छापून आला. वर्तमानपत्रांत सरांचे फोटो आले, पाहुणे आले, खोल्यांना नवा रंग लागला. दीड वर्ष असं गेलं. मग परदेशातल्या एका लॅबने नेमका तोच प्रयोग करून छापला जो वहिनीने महिनाभरात करून देते म्हटलं होतं. पेशींमधलं दारच काढून टाकलं. पेशी मजेत जगल्या. मग त्यांना आठव्या पायरीचा डोस दिला. मेल्या. म्हणजे मारणारं औषध होतं, पण दाराशी त्याचा काही संबंध नव्हता. सरांची नवी वाट एका दिवसात भिंत झाली.

चूक कुणाचीही होते. तो डोस सगळेच वापरत होते, सगळेच फसले. संस्थेला फक्त एवढंच ठरवायचं होतं की छापायच्या आधी सरांना ठाऊक होतं की नव्हतं. ठाऊक नसेल तर प्रामाणिक चूक. ठाऊक असेल तर लबाडी, आणि मग लॅब, पद, सगळंच जाणार. समिती बसली, वह्या मागवल्या, आणि वहिनीची ती दोन पानं निघाली. तारीख छापायच्या आधीची.

सरांनी लेखी उत्तर दिलं. ज्या पानावर माझी सही नाही ते पान मी पाहिलेलं नाही. ताईंनी हे निरीक्षण स्वतःजवळ ठेवलं. त्यांनी वेळीच सांगितलं असतं तर मी पेपर थांबवला नसता का?

वहिनीने ते उत्तर वाचलं तेव्हा मी तिच्या समोर होतो. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “मी स्वतःजवळ ठेवलं?” आणि पुन्हा, “मी?” दादा म्हणाला, “चोराच्या उलट्या बोंबा आहेत. तू सोडू नकोस.” वहिनी म्हणाली, “भावजी होते ना तिथे. रबर बदलत होते. ते सांगतील.” दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. सव्वीस वर्षांत तिने एक थेंब लपवला नाही आणि आता लपवला म्हणून तिच्या नावावर लिहिणार होते. ते पुसायला जगात एकच माणूस होता, तो मी होतो. मी म्हणालो, “अर्थात.”

दुसऱ्या दिवशी सर स्टोअरमध्ये आले. ते कधी येत नाहीत. हातमोजे हवे असले तर कुणालातरी पाठवतात. त्यांनी स्वतः मापाचे मोजे निवडले, खोका खालीवर केला.

“ताईंना त्रास व्हावा असं मला वाटत नाही,” म्हणाले. “त्यांना काही होणार नाही, मी आहे. कागदावर दोन ओळींचा ठपका, बस्स. त्यांची नोकरी उरलीये किती? पण लॅब बंद पडली तर वीस जण घरी बसतील.”

मी बाटल्यांची नोंद करत राहिलो.

“तुमचा कागद माझ्याकडे आलाय. या वेळी कायमचा आहे. नऊ वर्षं झाली ना तुम्हाला?”

“हो.”

“तुम्ही काय ऐकलंत, काय नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मी काही सांगणार नाही.” आणि मोज्यांचा खोका तिथेच विसरून गेले.

हे मी बायकोला सांगितलं नाही, दादाला नाही, वहिनीला तर नाहीच. स्वतःशी मात्र खूप बोललो. ठपका म्हणजे काय, कागद. तिला दोन वर्षांत निवृत्त व्हायचंय. मला अजून वीस वर्षं काढायची आहेत. वहिनीला विचारलं असतं तर तीच म्हणाली असती, भावजी, तुमचं आधी बघा. हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा घोकलं की ते तिनेच म्हटलंय असं मला वाटायला लागलं. आपला नीचपणा दुसऱ्याच्या मायेच्या तोंडी घालायचा, हे मला किती पटकन जमलं!

समितीची खोली सातव्या मजल्यावर. लांब टेबल, पाण्याच्या ग्लासांवर कागदी झाकणं, तीन माणसं. मध्ये अध्यक्षबाई, पांढरे आखूड केस, चष्मा दोरीला लावलेला. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला वहिनी. वहिनी नेहमीच्या कपड्यांत होती, फक्त पांढरा कोट इस्त्रीचा होता. मी आत गेलो तेव्हा तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. डॉक्टर आल्यावर रोग्याच्या घरचे जसे सैल होतात, तशी ती सैल झाली.

“या तारखेला तुम्ही पेशींच्या खोलीत होता?” बाईंनी विचारलं. माझी दुरुस्तीची चिठ्ठी त्यांच्यासमोरच होती.

“होतो.”

“या दोघांमध्ये या पानांबद्दल काही बोलणं झालं?”

सर टेबलाकडे पाहत होते. वहिनी माझ्याकडे पाहत होती.

“मी इन्क्युबेटरपाशी होतो,” मी म्हणालो. “यंत्राचा आवाज होता. काही ऐकल्याचं आठवत नाही.”

मी कानावर हात ठेवले. एवढंच. बाईंनी लिहून घेतलं, आभार मानले.

आता ऐका. ज्या यंत्राचं रबर बदलायचं ते बंद करावं लागतं. त्यातल्या पेशी आधी दुसरीकडे हलवाव्या लागतात, आणि त्या दिवशी त्या वहिनीनेच हलवल्या होत्या. खोलीत सुई पडली असती तरी ऐकू आली असती. समितीत तीन विद्वान होते, एकालाही हे सुचलं नाही. सरांना सुचलं असणार. वहिनीला तर त्याच क्षणी कळलं. तिच्या भुवया किंचित वर गेल्या, चुकीचा आकडा दिसला की जातात तशा. तिने नुसतं म्हणायचं होतं, इन्क्युबेटर बंद होता. एका वाक्यात मी खोटा पडलो असतो आणि ती खरी ठरली असती. बाईंनी तिला विचारलं, “तुम्हाला काही म्हणायचंय?”

वहिनी म्हणाली, “नाही.”

परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, कारण एकाच बसने एकाच घरी जायचं होतं. तीन थांबे गेल्यावर मी म्हणालो, “वहिनी, ऐक ना...” ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “कायम होणार ना तुम्ही? झालं तर मग.” तिला सगळं ठाऊक होतं. कुणी सांगितलं, की नुसत्या माझ्या तोंडावरून वाचलं, कोण जाणे.  घरी आल्यावर दादाने विचारलं तेव्हा म्हणाली, समितीला काही पटलं नाही. माझ्याबद्दल तिने त्याला अवाक्षर सांगितलं नाही. तिने आरडाओरडा केला असता, मला जिन्यावरून ढकलून दिलं असतं, तर बरं झालं असतं. तिने वाटीभर काहीतरी वर पाठवलं, नेहमीसारखं.

निकाल आला. सरांची प्रामाणिक चूक. तंत्रसहायकाने महत्त्वाचं निरीक्षण वरिष्ठांच्या नजरेस आणलं नाही. वहिनीला पेशींच्या खोलीतून काढून काचसामान धुवायच्या खोलीत बसवलं. सर तिला भेटायला आले नाहीत. वाटेत दिसली तर फोनवर बोलत पुढे जात. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी तेव्हा जवळून पाहिलं, आणि केस माझ्याच डोक्याचा होता. वहिनीने चार महिने बाटल्या धुतल्या, लखलखीत धुतल्या, आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली. तिच्यानंतर पेशींमध्ये दोनदा बुरशी लागली. मला आनंद झाला. असल्या आनंदाची लाज वाटायची हिंमतही माझ्यात उरली नव्हती. मी कायम झालो.

यालाही वर्ष झालं. मागच्या रविवारी दुपारी वहिनीने खालून हाक मारली. ती अजून संशोधनाचे पेपर वाचते. वाचनालयातून काढून आणते. जेवणाच्या टेबलावर चार पानं पसरली होती. दादा आतल्या खोलीत कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता.

सरांनी आपल्या त्या पेपरची दुरुस्ती छापली होती. मी चाळली. फार सुंदर भाषा होती. पुन्हा काटेकोर तपासणी केल्यावर आमच्या लक्षात आलं की या औषधाचा इतर ठिकाणीही परिणाम होतो, तेव्हा डोस ठरवताना सगळ्यांनीच सावध राहावं, वगैरे. खाली एक आलेख होता. आठ पायऱ्यांचे आठ ठिपके, कुठल्या पायरीवर किती पेशी जगल्या त्याचे.

“हा सातवा बघा,” वहिनी म्हणाली. “थोडा खाली आहे ना? त्या दिवशी सातव्या खळग्यात हवेचा बुडबुडा आला होता. मी वहीत तसं लिहिलंय. त्यांनी प्रयोग परत केला असता तर तो वर आला असता.”

प्रयोग परत केलाच नव्हता. तिने लपवल्या म्हणून जिला हाकललं, तिच्याच पायऱ्या उचलून छापल्या होत्या, बुडबुड्यासकट. खाली एका नव्या विद्यार्थ्याचं नाव होतं. माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं, मी टेबलावर हात आपटला.

“वहिनी, आता सोडायचं नाही. वही आणि हा आलेख शेजारी ठेवले की आंधळ्यालाही दिसेल. मी उद्या अध्यक्षबाईंकडे जातो. सांगतो, मी ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं. होऊ दे काय व्हायचं ते.”

ती माझं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग तिने शेवटचं पान माझ्यासमोर सरकवलं. पेपरच्या शेवटी आभार मानायची रीत असते, बारीक अक्षरात. कुणी पैसे दिले, कुणी जागा दिली, कुणी मदत केली. तिथे तिचं नाव नव्हतं. सव्वीस वर्षांच्या कामाचे शेवटी आठ ठिपके उरले होते, आणि त्यांच्याखालीही ते नव्हतं. त्याच्या जागी, यंत्रांची देखभाल आणि मोलाच्या सहकार्याबद्दल, एका माणसाचे मनःपूर्वक आभार मानले होते.

“नाव बरोबर छापलंय हो तुमचं,” वहिनी म्हणाली.

आतून दादा घड्याळ हातात घेऊन बाहेर आला. “कुणाचं नाव?” त्याने विचारलं.

वहिनी माझ्याकडे पाहत होती, त्या दिवशी सातव्या मजल्यावर पाहत होती तशी. खोलीत कुठलंही यंत्र चालू नव्हतं.

“काही नाही, दादा,” मी म्हणालो. “असंच.”